अपग्रेडची सुरुवात भिंतीपासून

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन प्रकारचे लोक राहतात. एक, ज्यांच्याकडे गेमिंग पीसी आहे आणि ज्यांना तो अपग्रेड करायचाय. दुसरे, ज्यांच्याकडे गेमिंग पीसी नाही आणि जे पहिल्या प्रकारच्या लोकांना सल्ले देतात! मेसच्या रांगेत, लॅबच्या बाहेर, अगदी व्हायव्हाच्या आदल्या रात्रीसुद्धा हा विषय निघतो आणि निकाल ठरलेला असतो, "कार्ड बदल." गेम अडकतो? कार्ड बदल. पीसी उठायला पाच मिनिटं घेतो? कार्ड बदल. पंखा आवाज करतो? अगं, कार्डच बदल ना!

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडायला म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे ही विनंती.)

मी मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावची. कल्याणहून माळशेजला जाताना घाट लागायच्या आधी आमचं गाव येतं. पावसाळ्यात तुमच्यातले निम्मे लोक बाईकवरून आमच्या दारावरून जातात, थांबत कुणी नाही, ते असो! घरी एक डेस्कटॉप आहे. २०२० साली ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा पप्पांनी कल्याणहून जोडून आणलेला. आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि दुकानदाराने "चालतो हो" म्हणून दिलेला बिननावाचा पॉवर सप्लाय. शाळा दिवसा आणि काउंटर-स्ट्राइक रात्री, असं त्या मशीनने दोन्ही केलं. आता मी हॉस्टेलला आणि मशीन धाकट्या भावाच्या ताब्यात. सुट्टीत गेले की आमचा झगडा ठरलेला.

यंदा भात निघाल्यावर पप्पा म्हणाले, "तीस हजारांपर्यंत काय ते बघ. पण एकदाच. परत परत मागायचं नाही."

भावाचा निर्णय अर्ध्या सेकंदात झाला. कार्ड! माझा होईना. कारण मला तीस हजार म्हणजे किती ते मोजायची सवय आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने साधारण भाताला क्विंटलला २३६९ रुपये हमीभाव जाहीर केला. तीस हजारांना त्याने भागा. साडेबारा क्विंटलपेक्षा जास्त भात येतो. राब भाजण्यापासून आवणी, कापणी, झोडणीपर्यंतचा सगळा घाम त्यात आला. आणि हे आलेले पैसे आहेत, उरलेले नव्हेत. त्यातून खत, मजुरी, ट्रॅक्टर वजा व्हायचं असतं. शहरातल्या मित्राचे वडील पगारातून तीस हजार देतात तेव्हा त्यांनाही कष्ट पडतातच, मी नाही म्हणत नाही. पण "एकदाच" या शब्दाचं वजन दोन घरांत वेगळं असतं. म्हणून प्रश्न असा मांडायला हवा की कुठलं कार्ड चांगलं हे नंतर बघू, आपलं मशीन नेमकं अडतंय कुठे?

अडतंय कुठे?

याला आपण बॉटलनेक म्हणतो. कॅन्टीनमध्ये हा शब्द सगळे वापरतात, मोजून कुणी बघत नाही. जीन अ‍ॅमडाल नावाच्या इंजिनिअरने १९६७ साली एक साधी गोष्ट सांगितली, जी आज त्याच्या नावाने अभ्यासक्रमात आहे. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करता, त्या भागापुरताच फायदा मिळतो. समजा एखादं सॉफ्टवेअर उघडायला ९० सेकंद लागतात आणि त्यातले ७५ डिस्कची वाट बघण्यात जातात. तुम्ही दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणलात तर उरलेल्या १५ चे साडेसात होतील. एकूण साडेब्याऐंशी सेकंद! पैसे गेले आणि मशीन तिथल्या तिथे. परीक्षेत हे गणित आपण दहा मार्कांसाठी सोडवतो आणि हॉस्टेलच्या खोलीत येऊन विसरतो.

आमच्या तालुक्याला हे गणित वेगळ्या प्रकारे माहीत आहे. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे पायलॉन पाडले. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर शहीद झाले. सिद्धगड आमच्याच तालुक्यात आहे. त्या बलिदानाची तुलना कॉम्प्युटरशी करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण एवढ्या मोठ्या यंत्रणेत कुठली गोष्ट थांबली की सगळं थांबतं, हे त्या माणसांनी अचूक ओळखलं होतं. ते म्हणजे वीज. आपण मात्र पीसीचा विचार करताना सगळं मोजतो, फक्त वीज मोजत नाही.

तीन चाचण्या, खर्च शून्य

गेल्या सुट्टीत मी घरी तीन गोष्टी तपासल्या. तुम्हीही करा, पैसे पडत नाहीत.

पहिली चाचणी कार्डाची. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं, बाकी सेटिंग तीच ठेवायची. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डावरचा भार उतरतो. आता फ्रेम जोरात वाढल्या तर कार्ड अडत होतं. वाढल्याच नाहीत तर कार्ड बिचारं निवांत बसलंय आणि अडसर प्रोसेसर किंवा रॅमचा आहे. आमच्याकडे काउंटर-स्ट्राइक २ मध्ये फ्रेम जेमतेम वाढल्या. भावाचं तोंड बघण्यासारखं झालं!

दुसरी चाचणी डिस्क आणि रॅमची. टास्क मॅनेजर उघडायचा आणि पीसी सुरू झाल्यापासून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. आमच्याकडे डिस्क सतत १०० टक्के, ब्राउझर उघडला की रॅम ९० टक्क्यांच्या वर. फिरणारी हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण विंडोजच्या हजारो बारीक फाइली शोधताना तिची दमछाक होते. साध्या साटा एसएसडीला सुई हलवायची नसते, ती पाचशेच्या आसपास देते आणि बारीक फाइलींना तर हसत हसत देते. रॅमचंही तसंच. २६६६ च्या एका पट्टीतून सेकंदाला सुमारे २१ जीबी डेटा जाऊ शकतो. तशाच दोन पट्ट्या जोडीने लावल्या की दुप्पट. म्हणजे एकच पट्टी लावणं हे चौपदरी हायवे बांधून दोन लेन बंद ठेवण्यासारखं आहे.

तिसरी चाचणी कुणीच करत नाही. मल्टिमीटर घ्यायचा आणि भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेज बघायचं, दुपारी एकदा आणि संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये एकदा. (ज्यांना मीटर धरता येत नाही त्यांनी इलेक्ट्रिकलच्या मित्राला चहा पाजून बोलवावे. सॉकेटमध्ये स्वतः प्रयोग करू नयेत!) आमच्याकडे दुपारी २२५, संध्याकाळी १८५. एका संध्याकाळी १७८. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. माळशेजचा पाऊस तुम्ही सेल्फीत बघता, आम्ही तो ट्रिप झालेल्या फीडरमधून बघतो.

आता इलेक्ट्रिकलवाल्यांनी सांगा, २३० ऐवजी १८५ व्होल्ट मिळाले तर काय होईल? कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय हा स्विचिंग प्रकारचा असतो. आतल्या भागांना लागतात तेवढे वॅट तो ओढणारच. व्होल्टेज कमी झालं की तो करंट जास्त घेतो, इथे जवळजवळ २४ टक्के जास्त. म्हणजे आधीच स्वस्तातला सप्लाय, वर एप्रिल-मेचा उकाडा, हायवेची धूळ आणि त्यात हा वाढीव करंट. वीज क्षणभर गेली तर? ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची असते. चांगला सप्लाय साधारण तेवढाच वेळ तग धरतो, बिननावाचा तेवढाही धरत नाही. गेम ऐन रंगात आला की मशीन आपोआप रीस्टार्ट का होतं, याचं उत्तर मिळालं. गेली दोन वर्षं सगळे म्हणत होते, "कार्ड गेलंय."

आता अशा मशीनला नवं कार्ड लावलं तर काय होईल बघा. जीटीएक्स १६५० ची वीज ७५ वॅटची, २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०६० ची १४५. म्हणजे जो सप्लाय आधीच धापा टाकतोय त्याच्यावर जवळपास दुप्पट कार्डाचं ओझं. शिवाय हे कार्ड मदरबोर्डाशी आठच लेनने बोलतं आणि आमचा बोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा. त्यामुळे कार्डाचा पूर्ण वेग मिळणारच नाही. प्रोसेसर बदलावा म्हटलं तर त्या सॉकेटची गाडी नवव्या पिढीवरच थांबली. पुढचा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड आणि बहुतेक वेळा नवी रॅमही. तीस हजारांत सुरू झालेला विषय साठ हजारांवर कधी जातो ते कळत नाही. लग्नात नुसती साडी घ्यायला जावं आणि सोन्याच्या दुकानातून बाहेर पडावं, तसं!

कार्डवाल्यांची बाजू

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. काही वेळा कार्ड बदलण्याला पर्याय नसतो. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा डूम, द डार्क एजेस, हे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डावर चालवायला बनवलेलेच नाहीत. तिथे एसएसडी टाका नाहीतर नारळ फोडा. ज्यांच्याकडे २०१६ च्या सुमाराची पास्कल पिढीची कार्डं आहेत, उदाहरणार्थ जीटीएक्स १०६०, त्यांना एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. ज्यांचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा आहे, त्यांचं मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळजवळ नाहीच, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचा फायनल इयर प्रोजेक्ट मशीन लर्निंगचा आहे त्यांना चार जीबीचं कार्ड पुरणार नाही. या लोकांनी खर्च केला तर तो उधळपट्टी नव्हे.

आणखी एक मुद्दा. आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की थांबा, कॉम्प्युटरचे भाग स्वस्त होतात. २०२५ च्या शेवटी हा नियम उलटा फिरला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला आणि रॅमचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपला क्रुशियल हा साध्या ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. म्हणजे आमच्या घरच्या पट्टीचा भाव ठरवणारा माणूस कुठल्यातरी सर्व्हर हॉलमध्ये बसलाय. म्हणून मी "काहीच घेऊ नका, थांबा" असंही म्हणत नाही. घाबरून घेऊ नका आणि न मोजता घेऊ नका, एवढंच म्हणते.

आणि एक खास आमच्या बाजूचं. "मुलीला कशाला हवा गेमिंग पीसी?" हे मी गावात ऐकलंय आणि हॉस्टेलमध्येही. गंमत अशी की हेच लोक मुलाने न मोजता कार्ड घेतलं तर त्याला "शौकीन" म्हणतात. माझा शौक तेवढाच आहे. फक्त हिशेब मला द्यावा लागतो, तो नीट द्यायचा एवढंच.

माझा क्रम

तर मी घरी मांडलेला क्रम असा. सगळ्यात आधी भिंत. अर्थिंग तपासून घ्यायचं. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या पिनला मागे वायर आहेच असं नाही. गावाकडे जुन्या घरांत ती बऱ्याचदा नुसती शोभेला असते. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट करून घ्यायला फार खर्च येत नाही आणि त्याने पीसीच नाही, घरातली माणसंही सुरक्षित राहतात. मग चांगला पॉवर सप्लाय, साडेपाचशे वॅटचा, कमी व्होल्टेजवर चालणारा. इनपुटची रेंज डब्यावर छापलेली असते, दुकानात उभं राहून वाचायची, लाजायचं नाही. त्याच्या जोडीला व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटचाच असतो. आणि आपल्या पॉवर सप्लायशी त्याचं जमतं का, हेही दुकानातच जोडून बघा.

त्यानंतर एसएसडी. मग रॅमची दुसरी पट्टी. मग मशीन उघडून धूळ साफ आणि प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलायची, हे काम जवळजवळ फुकटात होतं. आणि एवढं झाल्यावर पहिली चाचणी परत करायची. तेव्हा कार्ड अडत असेल तर कार्ड. यातला पॉवर सप्लाय, यूपीएस आणि एसएसडी पुढे नव्या मशीनलाही चालतील. पैसा फुकट जात नाही, पुढच्या मशीनचा हप्ता आधी भरल्यासारखा राहतो. पप्पांना हे पटलं. "एकदाच" मधून सगळा खर्च होत नाहीये, हे त्यांना जास्त पटलं असावं! भावाला अजून पटलेलं नाही. पण मशीन गेमच्या मध्येच रीस्टार्ट व्हायचं थांबलं की पटेल, असा माझा अंदाज आहे.

आता हॉस्टेलचं

इथपर्यंत घरचं झालं. पण माझा खरा मुद्दा आपल्या सगळ्यांचा आहे. रॅमची दुसरी पट्टी मला विकत घ्यायची नाहीये. फायनलच्या एका ताईने नवं मशीन घेतलं, तिची जुनी डीडीआर-४ ची पट्टी ड्रॉवरमध्ये पडून आहे, ती मला मिळणार आहे. मला वाटलं, अशा किती पट्ट्या, किती हार्ड डिस्क, किती चालू कार्डं आपल्या दोन्ही हॉस्टेलच्या पलंगांखाली पडून असतील? दर मे महिन्यात फायनलवाले खोली रिकामी करतात तेव्हा भंगारवाला किलोने नेतो. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. ते उत्पादकांवर जबाबदारी टाकतात आणि नोंदणीकृत रिसायकलर सांगतात. भंगारवाल्याचा काटा त्यात बसत नाही.

म्हणून तीन साध्या सूचना. एक, हॉस्टेल ऑफिसमध्ये एक कपाट ठेवा, "चालू पार्ट" असं लिहून. जाणाऱ्याने ठेवावं, येणाऱ्याने वहीत नाव लिहून न्यावं. ज्या फर्स्ट इयरच्या मुलाला घरून दहा हजारही मागता येत नाहीत, त्याचं मशीन यातून उभं राहील. दोन, इलेक्ट्रिकल विभागाच्या सरांना-मॅडमना विनंती. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावरचं व्होल्टेज आणि अर्थिंग आठवडाभर मोजायचा एक मिनी प्रोजेक्ट द्या. पोरांना मीटर धरता येईल आणि रेक्टर सरांना कळेल की कुठल्या विंगचं वायरिंग आधी बदलायचं. तीन, ज्यांना जड सॉफ्टवेअरपुरतंच चांगलं मशीन हवंय, त्यांच्यासाठी लॅबमधली दोन वर्कस्टेशन्स रात्री दहापर्यंत नाव नोंदवून द्या. अर्ध्या मुलांचा कार्डाचा हट्ट तिथेच संपेल. उरलेल्या अर्ध्यांचा संपणार नाही, कारण तो गेमचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे!

मला कार्डाचा राग नाही. एक दिवस मीही घेईन आणि सगळ्या विंगला दाखवीन. पण घरून "एकदाच" म्हणून मिळालेला पैसा कुणाच्या तरी ठोकळ सल्ल्यावर जाऊ नये, एवढंच वाटतं. आपण इंजिनिअर होणार आहोत ना? मग आधी मोजूया, मग खर्च करूया. आणि मोजायला सुरुवात भिंतीपासून.

बघा पटतंय का!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल